दुसरी हेंड्रिना

परवा सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी आले आणि पाहते तर रस्ताभर चिखल. रात्री पावसाचा थेंब नव्हता. कोपऱ्यावर तो पिवळा फलक मात्र येऊन उभा राहिला होता, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला. म्हणजे शेतातलं बीट निघालं, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखल रस्त्यावर आणला. आता नाताळापर्यंत आमच्या गल्लीत कुणाचेही बूट स्वच्छ राहणार नाहीत, आणि माझा नवरा मिलिंद रोज दारात उभा राहून त्यावर एक छोटं भाषण देणार. तो आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत आहे. तिथे धुळीचा एक कण दिसला तर माणसं घाबरतात. घरी यायला मात्र त्याला बिटाच्या शेतातूनच यावं लागतं.

मी सांगलीकडची. साखर म्हणजे ऊस, आणि गळीत हंगाम म्हणजे रस्त्यावर पडलेली चिपाडं, मळीचा वास आणि ट्रॉलीमागे रेंगाळणारी एसटी. इथे पहिल्या वर्षी शेताच्या कडेला मातकट पांढऱ्या कंदांचा घराएवढा ढीग पाहिला तेव्हा मला वाटलं, हे डुकरांसाठी असणार. शेजारच्या डच नेलमावशींनी सांगितलं, ही साखर आहे. मी लगेच सांगलीला अण्णाकाकांना फोन लावला. अण्णाकाका म्हणजे मिलिंदचे चुलते, आयुष्य साखर कारखान्यात गेलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सूनबाई, चहा लाल होत नाही का गं?" हे बीट कोशिंबिरीचं नाही, पांढरं असतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मी उगाच तिकडच्या लोकांची बाजू घेते असं त्यांचं मत आहे.

बीट निघतं त्याच सुमारास आमच्याकडे पितृपक्ष येतो. सर्वपित्रीला मिलिंद सकाळी सोवळं नेसून स्वयंपाकघरात पाटावर बसतो. समोर ताम्हन, तुर्की दुकानातले काळे तीळ, सांगलीहून प्लास्टिकच्या पिशवीत आलेले दर्भ आणि पाण्याच्या तांब्याला टेकवलेला फोन. फोनमध्ये मिरजेचे गुरुजी. इथे खिडक्यांना पडदे लावायची पद्धत नाही, त्यामुळे कुत्रा फिरवायला निघालेलं सगळं गाव उघड्या अंगाच्या मिलिंदला बघून हात करतं. तोही पाणी सोडता सोडता डाव्या हाताने उत्तर देतो. नावं मला पाठ. त्याला आपल्या आजोबांचं नाव आठवायलासुद्धा माझ्याकडे बघावं लागतं. अडायचं ते एकाच ठिकाणी. गुरुजी म्हणायचे, "पणजीचं नाव?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. मग गुरुजी सवयीने म्हणायचे, "असू द्या. गंगा म्हणा." आणि मिलिंदची पणजी दरवर्षी गंगा व्हायची.

मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते अमेरिकेतल्या एका बाईमुळे, जी मिलिंदच्या पणजीच्याही आधी होऊन गेली.

तिचं नाव हेंड्रिना. ती आमच्या घरात आली ती नेलमावशींच्या दारातून. मावशींचं वय ऐंशीच्या पुढे. चाल काठीची, आवाज पाटलाचा. गावाच्या इतिहासाचं एक मंडळ आहे, मावशी त्यातल्या जुन्या सभासद. मंडळाकडे विस्कॉन्सिनहून कॅरल नावाच्या बाईंची चौकशी आली. आपल्या पणजीच्या, म्हणजे हेंड्रिनाच्या, आईचा शोध हवा होता. मंडळात इंग्रजी बोलायची हौस कुणालाच नव्हती. मावशी म्हणाल्या, "आमच्या शेजारी सुनीता आहे. ती भारतीय आहे, तिला कॉम्प्युटर येतो." मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. पण भारताची अब्रू हातात आली म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

कॅरलशी मी व्हिडिओवर बोलायला लागले. पंचाहत्तरीच्या घरातली गोलमटोल, हसरी बाई, एकदा सुरू झाली की थांबायची नाही. तिने हेंड्रिना अशी काही उभी केली की मी भाजी फोडणीला टाकून विसरून जायचे. हेंड्रिना लग्न होऊन नवऱ्याबरोबर बोटीने गेली. विस्कॉन्सिनच्या जंगलात त्यांनी झाडं तोडून ओंडक्यांचं घर बांधलं. पहिल्या हिवाळ्यात गाय आणि माणसं एकाच छपराखाली राहिली. एकदा दारात अस्वल आलं तर हेंड्रिनाने पायातला लाकडी जोडा काढून त्याच्या नाकावर हाणला. मी ही गोष्ट मावशींना सांगितली. त्या म्हणाल्या, "गाय असेल. अंधारात काय कळतंय." मी हे कॅरलला भाषांतर करून सांगितलं नाही.

पण कॅरल एका ठिकाणी यायची आणि तिचा आवाज उतरायचा. शेवटच्या आजारपणात हेंड्रिनाने एकच धोशा लावला होता, मला आईजवळ न्या. तेव्हा कोण नेणार? बोटीचा प्रवास, पदरात पोरंबाळं, शेत. ती तिकडेच पुरली गेली. ते वाक्य मात्र तिच्या लेकीकडून लेकीच्या लेकीकडे येत येत कॅरलपर्यंत पोचलं, आणि कॅरलला मुलगी नव्हती. एक मुलगा, त्याला यात रस नाही. "मी गेले की हे वाक्य माझ्याबरोबर संपणार," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला शेवटचा एक लांबचा प्रवास करायला परवानगी दिली होती. हेंड्रिनाच्या थडग्यावरची माती घेऊन ती येणार होती आणि हेंड्रिनाच्या आईच्या थडग्यावर टाकणार होती. तेवढं एक काम. आईचं नावगाव शोधायचं मी. बीट निघायच्या आत.

मग माझं संशोधन सुरू झालं. जुन्या नोंदी आता घरबसल्या बघता येतात. मी मोठ्या उत्साहाने हेंड्रिनाला तिच्या सासरच्या आडनावाने शोधायला बसले, कारण लग्न झालेली बाई दुसऱ्या कुठल्या नावाने सापडणार? कुठेच नव्हती. बरेच दिवस वाया घालवल्यावर कळलं की इथल्या दप्तरात बाई जन्मते त्याच नावाने मरते. लग्न, बाळंतपण, मरण, सगळीकडे माहेरचं आडनाव. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि रागही आला. माझं तर लग्नात अख्खं नावच ताटातल्या तांदळात अंगठीने नव्याने लिहिलं. मी मूळची वैशाली. हे आता माझ्या आईशिवाय कुणाच्या लक्षातही नाही.

कॅरलने सांगितलेल्या माहेरच्या आडनावाने शोधल्यावर एक सोडून दोन हेंड्रिना निघाल्या. दोघींचं आडनाव एक, वय जवळपास सारखं, दोघींच्या बापाचं नाव यान. एक आमच्याच गावची, तिची आई पेट्रोनेला. दुसरी पलीकडच्या गावची, तिची आई आद्रियाना. यातली कॅरलची कुठली?

हा प्रश्न मी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता सोडवला. आमच्या गावच्या यानची पेट्रोनेला ही दुसरी बायको होती. पहिली बायको लग्नानंतर लवकरच वारली होती, आणि त्या पहिलीचं नाव होतं हेंड्रिना! मी लाटणं खाली ठेवलं. "मिलिंद, दुसरी बायको आपल्या मुलीला सवतीचं नाव ठेवेल का?"

"नसावी ठेवत," मिलिंद मोबाइलमधून वर न बघता म्हणाला.

"जिवंत असो की मेलेली, सवत ती सवत. दिवसातून शंभर वेळा तिच्या नावाने हाका मारायच्या? कुठली बाई हे सहन करेल? ही नोंदच चुकलेली असणार. दुसऱ्या कुठल्या तरी यानची मुलगी इथे चिकटवलीय."

नेलमावशी तेव्हा खुब्याच्या ऑपरेशननंतर पुनर्वसन केंद्रात होत्या, त्यामुळे मला अडवायला कुणी नव्हतं. मी कॅरलला कळवून टाकलं, तुमच्या पणजीच्या आईचं नाव आद्रियाना. कॅरल रडली. मीही थोडी रडले. अण्णाकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "शाबास. तिकडच्यांची पिढी शोधलीस, आता आमचीही बघ कधीतरी."

कॅरल आली तेव्हा बीट ऐन भरात होतं आणि सर्वपित्री दोन दिवसांवर. मावशी काठी टेकत घरी परतल्या होत्या. त्यांच्याच बैठकीत कॉफी झाली. मावशींनी डबा उघडून प्रत्येकीला एकेक बिस्किट दिलं आणि झाकण लावून डबा मांडीवर ठेवला. कॅरलने पिशवीतून पीनट बटरची बरणी काढली. वेष्टन तसंच, आत काळी माती. माती अशी देशात आणायला परवानगी असते का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. मग तिने फडक्यात गुंडाळलेली एक पितळी पाटी काढून टेबलावर ठेवली. घडवून आणलेली, कोरलेली. आद्रियाना आणि तिची लेक हेंड्रिना.

मावशींनी चष्मा लावला. पाटी वाचली. चष्मा काढला. "ही इथे काय करतेय?"

मी म्हटलं, "कोण?"

"आद्रियानाची हेंड्रिना. ही माझ्या आजीची आई. ही कशाला अमेरिकेला जातेय? ही बाई बाजाराच्या गावापलीकडे कधी गेली नाही. घोडागाडीत तिला मळमळायचं."

कॅरल आमच्या तोंडाकडे आशेने बघत होती. "काय म्हणतायत त्या?" माझीच चूक मीच इंग्रजीत करून सांगायची वेळ आली. मी जमेल तितक्या हळू सांगितलं. कॅरल इतका वेळ गप्प बसू शकते हे मला तेव्हा कळलं. तिने पाटी उचलली आणि पुन्हा फडक्यात गुंडाळली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दुसरी कुणी नव्हती का?" मावशींनी मला विचारलं.

मी पेट्रोनेलाचं सांगितलं, आणि सवतीचा मुद्दाही सांगितला. मावशींना तो कळेचना. मी दोनदा समजावला. शेवटी त्या खो खो हसल्या.

"अगं बाई, दुसरीच्या पहिल्या मुलीला पहिलीचंच नाव ठेवायचे. रीतच होती तशी. तू त्या घरात जातेस. तिची भांडी घेतेस, तिच्या कोंबड्या घेतेस, तिचा नवरा घेतेस. मग नाव ठेवलंस तर काय बिघडलं? तेवढं तरी द्यायला नको का तिला?"

मी हे वाक्य कॅरलला सांगितलं. कॅरल म्हणाली, "पेट्रोनेला," आणि मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "पेट्रोनेला." मावशींनी बिस्किटांचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. गेल्या आठ वर्षांत दुसरं बिस्किट मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण पेट्रोनेलाचं थडगं कुठे? मावशी म्हणाल्या, आता नाही. इथे थडगी भाड्याची. मुदत संपली, कुणी पुढे चालवलं नाही, की जागा दुसऱ्याला. चर्चमागची ती माती कितीदा उकरून झाली असेल. हे मी कॅरलला सांगताना दोन-तीन शब्द गाळले, तरी तिला कळायचं ते कळलं. समुद्र ओलांडून ती माती घेऊन आली होती आणि ती टाकायला कुणाजवळच जागा नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे नदीत सोडतात, इथली नदी जवळच आहे. मावशी म्हणाल्या, पाण्यात काही टाकलेलं इथे खपत नाही, आणि हेंड्रिनाने नदीजवळ न्या असं म्हटलं नव्हतं. मग त्या उठल्या आणि कोट घालायला लागल्या. "पेट्रोनेलाच्या यानचं घर कुठे होतं ते मला माहीत आहे. माझे वडील दाखवायचे. चला."

आमच्या गल्लीच्या टोकाला, त्या पिवळ्या फलकाच्या जरा पुढे. ज्या शेतावरून मिलिंद रोज शिव्या घालत येतो, तेच. घराची वीटसुद्धा उरलेली नाही. नुसतं बीट. एक खुब्याची, एक गुडघ्यांची आणि एक मी, अशा आम्ही तिघी चिखल तुडवत तिथवर पोचलो. कॅरलने बरणी काढली. झाकण निघेना. तिने ओढलं, मावशींनी कोटाच्या टोकाने पिळलं, मग मी लोणच्याच्या बरण्यांचा सगळा अनुभव पणाला लावला. झाकण निघालं ते असं की बरणी हातातून उडाली आणि हेंड्रिना शेतात न पडता भर रस्त्यावर, बिटाच्या चिखलात पसरली.

मी खाली वाकून हाताने माती गोळा करायला लागले, पण कुठली विस्कॉन्सिनची आणि कुठली इथली, ओली झाल्यावर काय ओळखणार? तेवढ्यात वळणावरून ट्रॅक्टर आला. मागे रिकामी ट्रॉली, बीट भरायला शेतात निघालेला. मावशी काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर थांबला. चालवणाऱ्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, काय झालं?

"हेंड्रिना आलीय," मावशी ओरडल्या.

"कोण?"

"यानची. पेट्रोनेलाची. अमेरिकेहून."

तो माणूस गावचाच. त्याने कॅरलकडे पाहिलं, तिलाच हेंड्रिना समजून डोक्यावरची टोपी काढली आणि अदबीने म्हणाला, "वेलकम." मी त्याचंही भाषांतर केलं. कॅरलला हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता मला म्हणाली, "त्याला सांग, जाऊ दे. तिने फार वाट पाहिलीय."

मावशी बाजूला झाल्या. ट्रॅक्टर त्या चिखलावरून गेला, कडेला वळला आणि पेट्रोनेलाच्या शेतात शिरला. चाकांना लागलेला चिखल शेतभर होत गेला. रस्ता साफ करून देण्याची जबाबदारी इथे शेतकऱ्याची असते. मावशींनी त्याला ओरडून बजावलं, आज झाडू मारायचा नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी अण्णाकाकांना सगळं सांगितलं. सवतीचं नाव मुलीला ठेवतात, आहे का असं आपल्याकडे, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"सूनबाई, आमच्या आजीच्या गळ्यात सवतीचा टाक होता."

"म्हणजे?"

"चांदीचा. इवलासा, बाईची आकृती असलेला. आजोबांची पहिली गेली लवकर. दुसरी करून आणली, तर तिला पहिलीचा टाक करून घातला गळ्यात. मंगळसूत्राशेजारी. रोज आंघोळ झाली की आजी आधी त्याला कुंकू लावायची, मग स्वतःला. सणाला पहिला घास तिचा. आम्ही पोरं विचारायचो, ही कोण? तर म्हणायची, मोठ्या बाई."

"आणि आजीचं नाव काय?"

"धोंडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून धोंडा. मोठ्या बाईंचं लक्ष्मी."

"अण्णाकाका, दरवर्षी आम्ही गंगा म्हणतोय! सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत?" अण्णाकाका म्हणाले, आणि बिटाच्या भावाची चौकशी करायला लागले.

सर्वपित्रीला कॅरल आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. गुरुजींनी विचारलं, "पणजीचं नाव?" मी म्हटलं, "धोंडाबाई. आणि लक्ष्मीबाई. दोघी." गुरुजी दोन्ही नावं नीट म्हणाले. मिलिंदने दोनदा पाणी सोडलं. एवढा वेळ कुणाचंही नाव नीट न उच्चारणारा हा माणूस तेवढ्यापुरता अगदी स्वच्छ बोलला. मग कॅरलने हळूच विचारलं, यात हेंड्रिनाला आणि पेट्रोनेलाला घेता येईल का. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आप्तेष्टांत घेऊ, पण गोत्र?

मी कॅरलला विचारलं, तुमचं गोत्र काय. ती म्हणाली, आम्ही कॅथलिक.

"माहीत नसेल तर काश्यप," गुरुजी म्हणाले. आणि पेट्रोनेला व हेंड्रिना काश्यप गोत्राच्या झाल्या. बाहेरून कुत्रा घेऊन चाललेल्या एका आजोबांनी हात केला. मिलिंदने डावा हात हलवला. कॅरलनेही हलवला.

ती पाटी कॅरलने जाताना मावशींना देऊन टाकली. मावशी म्हणाल्या, एवढ्या चांगल्या पितळेची पाटी फुकट मिळाली, नाव तर माझ्याच घरातलं आहे. ती आता त्यांच्या दाराशी आहे आणि टपाल आणणारा नवीन मुलगा त्यांना आद्रियाना म्हणतो. मला त्या वैशाली म्हणतात. मी कधीतरी तांदळातल्या नावाची गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी पक्की धरून ठेवली. भर सुपरमार्केटमध्ये भाज्यांच्या पलीकडून "वैशाली!" अशी आरोळी येते तेव्हा मी दचकते, आणि मग मला फार बरं वाटतं.

यंदा बीट निघालं आणि आज सर्वपित्री. मिलिंद पाटावर बसला. धोंडाबाई झाली, लक्ष्मीबाई झाली. पेट्रोनेला आणि हेंड्रिना हे गुरुजींना आता पाठ आहे. मग मिलिंद माझ्याकडे न बघता आपणहून म्हणाला, "गुरुजी, आणखी एक. कॅरल." ती गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या मुलाने फोन करून कळवलं होतं, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं होतं, ते आजीच्या आजीचं वाक्य नेमकं काय होतं? मी त्याला सांगितलं. त्याने ते परत म्हणून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

"गोत्र काश्यपच ना?" गुरुजींनी विचारलं.

"हो."

"आणि नातं काय लावू?"

मिलिंदने आता माझ्याकडे पाहिलं. बाहेर गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टर वळत होता.

"माहेरवाशीण," मी म्हणाले.

"वहिनी, असं नातं पोथीत नाही हो," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी मिरजेत घसा खाकरला. "बरं. म्हणा माझ्यामागून."